रविवारच्या वंदनेतला पाचवा आवाज

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते. पण खरं सांगते, वाचून हसूच यायचं. आज स्वतःच लिहायला बसलेय, तर हात जरा अवघडल्यासारखा झालाय... नावं बदलली आहेत, गावं तीच ठेवली आहेत.

आमचं घर कामठ्याचं, गोंदिया तालुक्यातलं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातून देव, अंगारे, भगत सगळं गेलं, ते परत आलं नाही. बाबा शाळेत शिपाई होते. गावात कुणाच्या अंगात आलं की ते म्हणायचे, आधी थर्मामीटर लावा. मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काचेखाली दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही – चौदा वर्षं हेच करतेय. विहारात जायचे ती जयंतीला आणि लग्नांना. श्रद्धा वगैरे मला आईच्या वयाच्या बायकांचं काम वाटायचं.

माझा नवरा नितीन आमगावचा. राईस मिलमधल्या मशिनी दुरुस्त करायचा. सात वर्षं संसार झाला, मूल नाही. मग तो कामासाठी रायपूरला गेला, आधी पंधरा दिवसांनी यायचा, मग महिन्यानं... आणि एक दिवस फोनवर शांतपणे म्हणाला की तिथं एक बाई आहे आणि तो आता तिच्याकडेच राहतो. मी भांडलेसुद्धा नाही. दोन बॅगा घेतल्या आणि आईकडे कामठ्याला आले. फारकत कागदावर कधी झालीच नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

गेल्या जून महिन्यात लॅबमध्ये आमगावची एक बाई रक्त द्यायला आली. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, आणि ती सहज बोलावं तसं बोलली, ‘तुमचे ते गेले म्हणे ना ताई, चार दिवस झाले. कावीळ झाली होती, रायपूरहून घरी आणलं होतं.’ माझ्या हातात सिरिंज होती. मी रक्त पूर्ण काढलं, कापूस दाबला, ट्यूबवर नाव लिहिलं. तिच्यानंतरचे अकरा पेशंटही केले.

मला कुणी कळवलंच नव्हतं. मी त्याची बायकोही नव्हते आणि विधवाही नव्हते, मग मी नेमकी कोण होते? मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा निरोप दुसऱ्याच कुणाकडून आला, मी गेले नाही. रडूही आलं नाही. त्याऐवजी एक विचित्र गोष्ट सुरू झाली – मला बसताच येईना. जेवताना ताट हातात घेऊन मी अंगणात फिरायची. धुतलेले कपडे परत धुवायची. लॅबमधून सुटले की सरळ घरी न येता स्कूटी दवनीवाड्याकडे काढायची, तिथं पोचले की काही काम नसायचं, मग परत फिरायची. छातीत सतत काहीतरी धावत असल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात जड व्हायचे, आतली धावाधाव तशीच.

असे पाच महिने गेले.

आता नेमकं काय झालं ते सांगते. दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले होते, धानाची कापणी चालू होती. रविवार, सकाळचे साडेआठ. आईचं कमरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच असते. तिला विहारात जाता येत नाही म्हणून शेजारच्या शीलाकाकू दर रविवारी वंदना फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. आई ती मोठ्या आवाजात लावते आणि पडल्या पडल्या सोबत म्हणते. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. त्रिशरण चालू होतं, बुद्धं सरणं गच्छामि. बायकांचे आवाज वर, पुरुषांचे खाली. आणि त्यात मला नितीन ऐकू आला.

आठवण आली, असं म्हणत नाही मी. ऐकू आला. त्याची एक सवय होती – सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून सुरू करायचा, आणि तिसऱ्यांदा म्हणताना शब्दाच्या मधेच श्वास घ्यायचा. आमच्या लग्नात त्यावरून सगळे हसले होते. तो मागे पडणारा, मधेच श्वास घेणारा आवाज आईच्या फोनमधून येत होता.

मी काही बोलायच्या आधी आईनंच फोन थांबवला. माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘नितीन होय ना वं हा?’

मी गॅस बंद केला. पहिला विचार मनात आला तो हाच, की काकूंनी चुकून जुनं रेकॉर्डिंग पाठवलं असणार. पण पुढे लावून बघितलं तर शेवटी काकूंचाच आवाज होता – आजची खीर मेश्रामांकडून, परवा त्यांना नात झाली. ती नात खरोखर परवाच झाली होती, तिच्या आईचं रक्त मीच तपासलं होतं. आणि काकूंचा तो फोन मुलानं त्यांना याच दिवाळीत घेऊन दिलेला. नितीन जूनमध्ये गेला.

मी तशीच, घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन विहारात धावले. सतरंज्या गुंडाळणं चालू होतं. मी विचारलं, आज पुरुष कोण कोण होते?

‘काऊन वं? का झालं?’ काकू म्हणाल्या.

पुरुष चारच होते. रिटायर्ड गुरुजी, मेश्राम आणि त्यांचे दोघे भाऊ. चौघेही अजून तिथंच होते, चौघांनाही मी लहानपणापासून ओळखते. खिडकीबाहेर कुणी होतं का? नाही. मागून कुणी येऊन बसलं होतं का? नाही. मग मी जे केलं त्याची आज लाज वाटते. मी माझा फोन काढला आणि चौघांना एकेक करून त्रिशरण म्हणायला लावलं. बिचाऱ्यांनी म्हटलंही. गुरुजींचा आवाज थरथरणारा, मेश्रामांचा जाड, भावांचे पातळ. त्यातला एकही ‘तो’ नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोंदियात, लग्नाच्या व्हिडिओंचं साउंड मिक्सिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेले. नितीनबद्दल मी त्याला एक अक्षर सांगितलं नाही. फक्त विचारलं, यात पुरुषांचे आवाज किती आहेत. तो कानाला हेडफोन लावून बराच वेळ पुढेमागे करत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, आदमी पाँच हैं. चार एक लाइन में हैं, एक थोड़ा पीछे बैठा है.’

त्या आठवड्यात मी अजिबात ताळ्यावर नव्हते. एकदा नमुन्यांची अदलाबदल होता होता वाचली. ते रेकॉर्डिंग मी शंभरदा तरी ऐकलं असेल, स्कूटी चालवतानाही कानात तेच. शेवटी शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि आमगावला सासरी गेले. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींशी मी दोन वर्षांत बोलले नव्हते. त्यात मला न कळवता त्यांनी त्याला पोचवून टाकलं, हा राग होता.

मामी अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत की बस म्हणाल्या नाहीत. मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्यांदा ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. दुसऱ्यांदा डोळे मिटले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, ‘नितीनच होय. पण बिमारीच्या आधीचा. शेवटी त्याचा गळा बसून गेला होता, असा बोलतच नव्हता तो.’

हे कधीचं, कुठलं, काहीच त्यांनी विचारलं नाही. खाली ठेवलेल्या सुपाकडे बघत म्हणाल्या, ‘त्यानं तुले बलावलं होतं, अर्चना. दोनदा. मीच फोन नाई लावला.’

मी विचारलं, कायले नाही लावला.

‘मले लाज वाटून राहिली होती. माह्या पोरानं तुले टाकलं, आता मरताना कोन्या तोंडानं तुले बलावू?’

मी विचारलं, तो काय म्हणत होता.

‘म्हने, तिले सांग, माह्यं चुकलं.’

मी उठले. स्कूटी चालू केली आणि निघाले. रेल्वे फाटकापर्यंत गेले, फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, संपतच नव्हती. पुढे जाता येईना, आणि मागे जायचं नव्हतं... त्या दहा मिनिटांत मला पाच महिन्यांत आलं नव्हतं तेवढं रडू आलं. आजूबाजूचे मोटारसायकलवाले बघत होते. फाटक उघडलं, सगळे गेले, आणि मी गाडी वळवून परत मामींच्या अंगणात आले. त्या तशाच बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले, सूप ओढून घेतलं आणि उरलेले तांदूळ पाखडले. संध्याकाळी निघताना त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. आम्ही एकमेकींना माफ केलं वगैरे असं काही बोललो नाही. पण मी पुढच्या महिन्यात परत गेले, आणि त्याच्या पुढच्याही.

त्यानंतर दर रविवारी मी विहारात जाऊ लागले. भक्तीनं नाही, हे कबूल करते. मला तो आवाज पकडायचा होता. भिंतीला टेकून, फोन चालू ठेवून मी पुरुषांच्या बाजूला कान लावून बसायची. तोंडानं शब्द म्हणायची ते केवळ दिसायला बरं म्हणून. घरी आल्यावर रेकॉर्डिंग ऐकायची. चार आवाज. नेहमी चार. कधी गुरुजी आजारी असले तर तीन. तो परत कधीच आला नाही.

पण त्या बहाण्यानं मी आठवड्यातून चाळीस मिनिटं एका जागी बसत होते! हे माझ्या लक्षात यायलाही तीन महिने लागले. शीलाकाकूंनीच विचारलं, आता तू दवनीवाड्याकडे जात नाहीस का. मी आठवून बघितलं, तर खरंच किती दिवसांत गेले नव्हते. आणि एका रविवारी फोन चालू करायलाच विसरले. पंचशील संपलं तेव्हा कळलं की मी कान लावलाच नव्हता, मी म्हणत होते. मनापासून, सगळ्यांसोबत. लहानपणापासून पाठ असलेले शब्द होते, अर्थ बाबांनी शिकवलेला होता, पण ते मला पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या कामाचे वाटले. कुणाला दुखवू नये म्हणण्याआधी, मला ज्यानं दुखवलं त्याचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. तिथं बसून बसून तो जरा मऊ झाला, एवढंच सांगता येईल.

वैशाख पौर्णिमेला मामी आमगावहून आल्या, आईच्या खाटेजवळ बसून जेवल्या. गुरुजींचा घसा बसला होता म्हणून त्या दिवशी वंदना मला सांगायला लावली. मी पुढे म्हणत होते, मागून सगळे म्हणत होते, मामीही.

ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. लॅबमधल्या एका सहकाऱ्यानं मोबाईल, इको, जुनी फाईल मिसळणं असं बरंच समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं, कारण त्याच्या जागी असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण जो आवाज त्या फोनमध्ये कधी गेलाच नव्हता तो त्यात मिसळणार कुठून? कुणी मेलेला माणूस येऊन बसला होता, असं मी म्हणणार नाही. बाबांची मुलगी आहे, ते माझ्या तोंडून निघायचं नाही. मग काय होतं? माहीत नाही. मी आता बरी आहे, जेवते, बसते. तरी रविवारी डोळे मिटले की माझं सगळं मन वंदनेत असतं, असंही नाही. एक कान अजून मागच्या सतरंजीकडे असतो.