रीतसर बुडालेला माणूस

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतक्या टेचात बुडालेला माणूस अख्ख्या कॅनडात सापडायचा नाही. लोक आपल्या व्याह्यांचे बंगले सांगतात, मी आमच्या व्याह्यांचं दिवाळं सांगतो, आणि छाती पुढे काढून सांगतो. इकडे यायच्या आधी जर्मनीतल्या एका लहान गावात त्यांचं मसाल्याचं दुकान होतं, कंपनी करून चालवलेलं. ते बसलं. तिकडची तऱ्हा अशी की बुडायलाही पैसे लागतात. कोर्टाचा खर्च, शिवाय दुकान मोडून वाटण्या करायला कोर्ट जो माणूस नेमतं त्याची मजुरी, एवढं तरी कंपनीत शिल्लक पाहिजे. नसेल तर कोर्ट अर्जच फेटाळतं आणि ज्यांचं येणं आहे ते हात चोळत बसतात. सगळ्यांनी सांगितलं, फेटाळू दे, आयता सुटशील. ह्यांनी काय करावं? स्वतःची गाडी विकली आणि तो खर्च भरला. पदरचे पैसे घालून दिवाळं काढणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. मी जन्मभर वेल्डिंग केलं, शाळा बेताची, तोंड फटकळ. मी म्हटलं, "पाहुणे, तो वाटण्या करणारा म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा." तर शांतपणे म्हणाले, "छे हो, तो तिरडी बांधणारा. त्याची मजुरी आधी, नाहीतर प्रेत दारातच." ह्या खटाटोपातून मिरची पुरवणाऱ्याच्या हातात जेमतेम काहीतरी पडलं. पण तोच मिरचीवाला समुद्र ओलांडून आमच्या पोरांच्या लग्नाला वॉटर्लूला आला आणि माझ्यापेक्षा जास्त नाचला.

तेव्हापासून ह्या गृहस्थांना कुठलीही गोष्ट अर्धवट मिटलेली चालत नाही. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये लोकांनी टाकून दिलेल्या सामानाच्या ढकलगाड्या हे ढकलत जागेवर नेऊन लावणार, आणि मी थंडीत कुडकुडत उभा. सिनेमा संपला की दिवे लावणाऱ्याचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत उठायचं नाही. फोन ठेवायचा तर आधी परवानगी, मग निरोप, मग पुन्हा, "ठेवू ना?" हिवाळा सरला की बर्फाचं फावडं धुऊन, पुसून, त्याला नमस्कार करून बेसमेंटमध्ये ठेवणार. एकदा एका हॉटेलच्या दारावर बंद झाल्याची नुसती चिठ्ठी पाहिली, तर घरी येईपर्यंत एलआरटीच्या ट्रेनमध्ये धुमसत होते. "असं मरतात का? माणसं जेवायला येतात हो तुमच्याकडे."

आमची ही मुलांचे डबे करायची. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली आपली पोरं घरून आणलेले स्टीलचे डबे, कुणाच्या आजीचं नाव कोरलेले, तिच्याकडे ठेवायची. ही गेली तेव्हा ते सगळे बेसमेंटच्या फळीवर धुऊन पालथे घातलेले होते. मला खाली उतरवेना. मी फोन बंद केला, दाराला कागद चिकटवला आणि पडून राहिलो. व्याही आले ते कागद हातात घेऊनच.

"हे काय, पाहुणे?"

"बंद झालं. ती गेली, बंद झालं."

"विहीणबाई गेल्या. त्यांचं काम अजून जायचंय. चिठ्ठीवर नाही घालवायचं."

"तुम्हाला काय, सवय आहे दुकानं बुडवायची."

असं बोललो मी. तर रागावले नाहीत. म्हणाले, "आहे ना. म्हणून तर मी आलो." एकेका पोराला फोन केला, आगाऊ घेतलेले पैसे परत केले, तेही स्वतःच्या खिशातून. मी हात धरला तर म्हणाले, "राहू द्या, बंद करायचा खर्च मला नवा नाही." आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून जन्मात पहिल्यांदा शिरा केला. खाली लागला. पोरं बर्फात रांगेने उभी राहिली. एका पोरीने तिथेच झाकण उघडलं, घास घेतला आणि म्हणाली, "काका, काकूंचा असा नसायचा." व्याही म्हणाले, "तक्रार मान्य आहे, बाळ." मग ती रडली, तिच्यामागे सगळीच रडली, आणि त्या दिवशी मला कळलं की माझ्या बायकोचं दुकान केवढं मोठं होतं.

एकच डबा उरलाय. तो ज्या मुलीचा, ती आधीच लांब हॅलिफॅक्सला नोकरीला गेली. व्याही दर शनिवारी बसने येतात, डबा फळीवरून काढतात, पुसतात. "आली का?" "नाही." "मग मिटलं असं म्हणता येत नाही." मग आम्ही चहा पितो, संध्याकाळ होते, ते दारात तीनदा निरोप घेऊन जातात. त्या मुलीने मला पत्ता केव्हाच कळवलाय. मी ह्यांना सांगितलेलं नाही. पोस्टाने डबा जातो हे इतक्या चोख माणसाला सुचलं नसेल असं नाही, पण तेही कधी विचारत नाहीत. रिकामा नको म्हणून मी त्यात साखर भरून ठेवलीय. परवा त्यांनी झाकण उघडलं, साखर बघितली, झाकण घट्ट दाबून लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला.

"चहा टाका, पाहुणे," म्हणाले.