हिसकावलेला रसाचा ग्लास
उसाच्या रसाचा वास आला की गुजरातमधल्या बारडोलीचं ते कबड्डीचं मैदान आठवतं. मी रोज इन्सुलिन घेते आणि खेळल्यावर माझी रक्तातली साखर झपाट्याने उतरते; तेव्हा लगेच गोड घेतलं नाही तर जीवावर बेततं. त्या दिवशी मॅच संपताच हात थरथरू लागले, भुकेने पोटात आग पडली. मी रसाचा ग्लास घेतला, तोच आमच्या सरांनी तो हिसकावला. “तने तो डायबिटीस छे ने! जीभ आवर जरा.” “सर, साखर उतरलीय माझी,” मी कसंबसं म्हटलं. “खायला निमित्त!” ते सगळ्या मुलींसमोर हसले. तेवढ्यात मॅच बघायला आलेली आई धावत आली. तिने ग्लास ओढून माझ्या तोंडाला लावला आणि ती कडाडली, “पोरगी पडायची वाट बघताय का?” सर “सॉरी, बेन” म्हणाले, तेही तिलाच. आज मी स्वतः मुलींना कबड्डी शिकवते, तरी तो राग गेलेला नाही; जीव माझा जात होता आणि माझंच म्हणणं सरांना खरं वाटत नव्हतं.