थेंबातली पटकी

मायक्रोस्कोपखाली, काचेवरच्या थेंबात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू पळताना तुम्ही पाहिलेत कधी? धाराशिवच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं लोकांचे जुलाब तपासले, पण ते पळताना दिसले की दरवेळी मी डोळा काढायचं विसरायचे. लोक नाक मुरडायचे. "बाई, दिवसभर हेच बघता, मग डबा कसा खाता?" "दोन भाकरी खाते चांगल्या," म्हणायची मी.

ते दुष्काळाचं साल. ढोकीजवळच्या आमच्या गावात टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून निघून जायचा आणि सगळं गाव तिथंच पोहरे टाकायचं. त्यात हगवण सुरू झाली. एका सकाळी माझी माय धाकट्या भावाच्या लहानग्या पोरीला खांद्यावर टाकून एसटीनं दवाखान्यात आली. भाऊ साखर कारखान्यावर ड्युटीला, वहिनी ओली बाळंतीण. पोरीचे डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. तिला लगेच सलाईन लावलं आणि नर्सनं मायच्या हातात नमुन्यासाठी बाटली दिली.

बाटली माझ्याकडं आली. थेंब काचेवर घेतला, डोळा लावला. काहीच हलेना. दुसरा थेंब घेतला, तोही गपगार. वॉर्डात जाऊन मी मायला म्हटलं, "काही दिसत नाही गं." तिथंच घोटाळा झाला.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्या यंत्राला ती दिसायची न्हाय. मरीआई हाय ती. काढ ती सुई. पोरीला तिच्या म्होरं ठिवून माफी मागते."

आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशिवाय काही नव्हतं. दीक्षा घेतली तेव्हा मरीआईसकट घरातले देवांचे टाक याच बाईनं पदरात बांधून ओढ्यात सोडले होते. बाबा असेपर्यंत अभिमानानं सांगायचे ते.

"माय, तू बोलतीस हे?"

"म्याच सोडली तिला. म्होरल्याच उन्हाळ्यात तिनं तुझा थोरला भाऊ नेला. असाच, ह्याच दुखण्यानं. आता ही. माझ्यापायी आनिक किती लेकरं जायची?"

माझ्या आधी एक भाऊ होता आणि तो गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. का बोलायचं नाही, ते आज कळलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी चिडलेच. माझं तसंच आहे.

"सलाईनला हात तर लाव, मग बघ!" नर्सला तिच्यावर नजर ठेवायला सांगून मी तणतणत लॅबमध्ये आले. बाटली पुन्हा उघडून नाकाजवळ नेली. फिनेल! अख्ख्या दवाखान्यालाच तो वास, मघाशी कुठून कळणार?

तशीच आल्या पावली वॉर्डात गेले. "बाटलीत काय घातलंस?"

"धुतली की. झाडूवालीकडनं फिनेल घेतलं, खळबळून काढली, जरा वरनं बी टाकलं. लेकीच्या हातात घान कशी द्यावी?"

आता हसावं का रडावं? माझ्या मायनं जंतू साफ मारून, वास घालवून, माझ्या हाती दिले होते!

मग मी स्वतः पोरीचा ताजा नमुना घेतला आणि मायला मनगटाला धरून लॅबमध्ये नेलं. आधी मी पाहिलं. आई गं! लाखोंनी होते. उजेडात सुसाट इकडून तिकडं पळत होते, जत्रेत पोरं सुटावीत तसे. मी सरकले आणि मायला डोळा लावायला सांगितलं. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती एकदम मागं सरली.

"अगं बया! जित्ती हायेत गं ही!"

"आता बघ." फक्त पटकीच्याच जंतूंना जखडणारं एक सिरम असतं. त्याचा थेंब मी मिसळला. ती पुन्हा वाकली. ते मंदावले असणार, एकमेकांना चिकटले असणार, कारण तिचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

"थांबली गं. समदी थांबली." बराच वेळ तिनं डोळा काढला नाही. "पोरीच्या पोटात कुठनं गेली ही?"

"विहिरीच्या पाण्यातनं."

"त्यो गेला तवा आमी वड्यातल्या झऱ्याचं पानी प्यायचो," ती म्हणाली. "त्यात बी हीच आसतील?"

शपथेवर कोण सांगणार? पण मी सांगितलं, "हीच होती, माय."

"मंग म्या न्हाय मारलं त्याला?"

"न्हाय गं माय. तू न्हाय."

ती लॅबच्या स्टुलावर बसली आणि मोठ्यानं रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी पोरगी पाण्यासाठी भोकाड पसरून रडली, आणि तिच्या डोळ्यांतून टिपं गळाली. सुकलेल्या लेकराच्या डोळ्यात पाणी आलं म्हणजे ते वाचलं. दुसऱ्या दिवशी, नमुना पेरून ठेवलेल्या बशीत जंतूंचे पिवळे ठिपके उगवले, पटकीच ठरली, आणि गावच्या विहिरीत जंतू मारायची पावडर पडली.

पण त्या पहिल्याच संध्याकाळी सलाईनच्या बाटलीखाली बसून मायनं मला पहिल्यांदा सांगितलं की माझ्या थोरल्या भावाचे केस कुरळे होते, आणि त्याला गूळ लई आवडायचा.