विहिरीचं पाणी

आमच्या यांनी डिचोलीच्या खाणींवर बावीस वर्षं ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. बाकीचे मोपाला विमानतळावर टॅक्सी घेऊन गेले. हे भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडले. आजार म्हणावा तर तपासण्या चांगल्या, नाही म्हणावं तर माणूस उठत नाही. मी समजावलं, भांडले, देवाला कौलही लावला. पालथ्या घड्यावर पाणी!

मग मुलीने ते जनावर आणलं, अ‍ॅक्सोलॉटल. पाण्यातच राहतं, चार बारके पाय, मानेजवळ दोन्ही बाजूंना लाल झुपके आणि चेहरा सतत हसरा. शेजारीण म्हणाली, "ही गोरी पाल कित्याक पोसतां गो?" मुलीला बंगळूरला नोकरी लागली होती, तिथे ठेवायला जागा नव्हती. जाताना तिने बजावलं, पाणी थंड हवं आणि नळाचं मुळीच नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने हे मरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहिरीवर रहाटाचा आवाज आला. मी चहा टाकत होते, तशीच बाहेर आले. हे पाणी काढत होते.

त्यानंतर तीन वर्षं ते रोज उठले. त्याच्या काचेच्या टाकीतलं जुनं पाणी एक कळशी काढायचं, नवीन एक कळशी घालायचं. फ्रीजरमध्ये बर्फाच्या बाटल्या, त्यामुळे माझ्या मासळीला जागा नाही. केळीच्या बुंध्याशी उकरून गांडुळं काढायची, धुवायची आणि चिमट्यात धरून एकेक त्याच्या तोंडाशी न्यायची. ते गपकन ओढून घेई. सोमवारी आमच्या घरात मासे नाहीत, म्हणून यांनी त्यालाही सोमवार लावला. मोठ्या जनावराला दिवसाआड खाल्लं तरी चालतं, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. त्याच्याशी हे तासभर बोलत. माझ्याशी दिवसाला चार शब्द. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? पण माणूस उठून बसलाय, दाढी करतोय, म्हणून मी गप्प होते.

गेल्या मे महिन्यात दरवर्षीसारखी विहीर उपसली. बेळगावकडचे दोघे उतरले, गाळ काढला, तळाला नवं पाणी फुटलं. पूर्वी एकदा घरात सगळ्यांना कावीळ झाली होती. तेव्हापासून उपशानंतर ब्लीचिंग पावडर मी स्वतः टाकते. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. उपशाच्या आदल्या दिवशी हे दरवर्षी जनावरासाठी एक पिंप भरून ठेवत. त्या वर्षी मात्र कोरगावला यांच्या मावसभावाचं बारावं निघालं. तीन वर्षांत हे कुठे गेले नव्हते. मीच मागे लागले, जा, चार माणसांत बसून या. त्या गडबडीत पिंप राहिलं.

सकाळच्या बसला निघताना जास्त पाणी नको म्हणून बजावलं, "एक कळशी काड, एक कळशी घाल. चड नाका."

वीज गेली होती. टाकीतलं पाणी कोमट लागलं. मला वाटलं, बिचाऱ्याला उकडतंय, दोन कळश्या घालू. विहिरीचं पाणी गार होतं. ब्लीचिंगचा वास आदल्या संध्याकाळपासून माझ्या हातांनाच येत होता, पाण्याचा वेगळा काय कळणार! दुपारी बघते तर त्याचे झुपके आक्रसलेले, कातडीवर पांढरी साय, आणि ते उलटं तरंगतंय. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ब्लीचिंग म्हणजे क्लोरीनच. नळाचं पाणी नको म्हणून तीन वर्षं जपलं, आणि मी माझ्या हाताने विहिरीतून ते आणून ओतलं.

हे चारच्या बसने आले. टाकीवर वाकले, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी तयार होते, काय बोलतील ते ऐकायला.

"तुजी चूक न्हय गो," म्हणाले. "पिवपाच्या उदकांत तें घालचेंच पडटा."

मी ओरडले, "अहो, रागवा तरी माझ्यावर!" ते पलंगावर जाऊन पडले होते.

मुलगी फोनवर म्हणाली, आई, दुसरं आणून देते. यांना विचारलं तर म्हणाले, "नाका." मुलगी म्हणते, एक प्राणी गेला, एवढं काय मनाला लावून घेताय? तिला काय सांगणार! सकाळी सहाला आता रहाट वाजत नाही, ते तिला बंगळूरला ऐकू येत नाही.

आठला मी पेज घेऊन जाते. वर लोणच्याची फोड, त्यांना आवडते तशी. उशाशी बसते, चमचा तोंडाशी नेते. "मागीर," म्हणतात, डोळे न उघडता. ते नंतर येतच नाही, दुपारी तीच पेज मी उचलून आणते.