गळतं, पण कमी होत नाही

दवाखान्यात नोकरीला होती तेव्हापासून सगळे तिला डबलसिस्टर म्हणत. त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त होती. बाटलीवरचं औषधाचं नाव ही बाई दोनदा वाचणार, रुग्णाला त्याचं नाव दोनदा विचारणार, घरातून निघताना कुलूप ओढून बघणार आणि अर्ध्या जिन्यातून परत फिरून आणखी एकदा ओढणार. नव्या नर्स तिची नक्कल करून हसायच्या. हसू देत. तिच्या हातून चुकीचं इंजेक्शन कधी गेलं नाही, हे त्या हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिचं तोंड पोळलं होतं आईपायी. आई साठीच्या सुमारास विसरायला लागली. आधी नावं गेली, मग वार गेले. एका दुपारी तिनं रिकामं पातेलं गॅसवर चढवलं आणि दूध उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे बघत उभी राहिली. पातेलं काळं पडलं तरी उभीच. मुलीनं धावत येऊन गॅस बंद केला, तर आई शांतपणे म्हणाली, "मी कुठं ठेवलं? तूच ठेवलंस." हे वाक्य डबलसिस्टरच्या मनात घर करून राहिलं. आता तिचीही साठी जवळ आली होती. लोक म्हणायचे, अगदी आईवर गेलीस हो.

दवाखाना सोडल्यावर ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायची. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. राहायची धाकट्या भावाकडे. डावा घोटा जुना मोडलेला, त्यामुळे क्लच दाबणं जमेना, म्हणून तिला ऑटोमॅटिक गाडी हवी होती. तशी एक आयतीच समोर आली. अर्धांगवायू झालेल्या एका मास्तरांकडे ती रोज दुपारी जाई, त्यांच्या समोरच्या घराच्या दारात ती गाडी उभी होती. घरमालक वारले होते आणि त्यांचा भाऊ गाडी विकायला निघाला होता. सगळा व्यवहार त्यानंच केला. त्याची वहिनी बाहेर आली नाही. खिडकीचा पडदा तेवढा एकदा हलला.

"किल्ली एकच?" तिनं विचारलं. अर्थात दोनदा.

"दुसरी सापडत नाहीये. सापडली की आणून देतो."

दुसरी किल्ली आली नाही. महिनाभरानं अंगणातल्या फरशीवर, गाडीच्या पोटाखाली, पहिला लाल डाग पडला.

तिनं वाकून बोट लावलं. आयुष्य रक्तात गेलेलं, त्यामुळे घाबरायचं काही नव्हतं. पण हे रक्त नव्हतं. रक्त चिकटतं, हे बुळबुळीत होतं, आणि त्याला किंचित जळका, गोडसर वास होता. भाऊ वरून म्हणाला, "ताई, गाडीला पाझर फुटला वाटतं."

गाडी कानसेनकडे नेली. गॅरेजवाल्याचं खरं नाव कुणी घेत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून ऐकत बसायचा, म्हणून कानसेन. त्यानं सांगितलं की हे गिअरबॉक्समधलं तेल आहे, त्याचं रबरी सील गेलंय. सील बदललं आणि तिला सवय लावून दिली. रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे थेंब कुठं पडतो ते कळतं. सकाळी इंजिन गरम करून, चालू ठेवून, तेल मोजायची पट्टी ओढून बघायची.

"दोन खुणा आहेत. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर गाडी काढू नका. वरच्या खुणेच्या वर गेलं तर मला फोन करा. वर जायचं म्हणा काही कारण नाही."

असं काम म्हणजे तिच्या हातचा मळ. गॉझच्या तुकड्यानं पट्टी पुसायची, बुडवायची, बघायची, परत पुसायची, परत बघायची. आठवडा बरा गेला. मग एका सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा लाल ठिपका. म्हणजे गळतंय. म्हणजे पट्टीवर कमी दिसायला हवं. तिनं पट्टी ओढली, तर तेल कमी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर ठिपके जास्त, आणि पट्टीवर तेल वर चढलेलं. तिसऱ्या दिवशी आणखी वर. ती सकाळच्या उन्हात, पट्टी हातात धरून, तशीच उभी राहिली. खालून गळतंय आणि वरून वाढतंय.

एवढ्यावर भागलं असतं तर यंत्राचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. पण तिच्या लक्षात आलं की मधूनमधून गाडीत बसताना तिचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. ती उंच बाई. सीट मागेच सरकवलेली असायची. आता कधीतरी ती पुढं आलेली असे, कुणी बुटकं माणूस बसून गेल्यासारखी. स्टिअरिंग पुसलेलं असे, त्याला साबणाचा मंद वास. काही चोरीला गेलं नव्हतं. उलट गाडीची कुणीतरी काळजी घेत होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

घरात विचारलं, तर कुणीच गाडीला हात लावला नव्हता. भाऊ हसला, मग हसायचा थांबला. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावर भाऊ हळूच आत गेला आणि गॅसची खुंटी बघून आला. तिनं ते पाहिलं. आईच्या शेवटच्या वर्षांत ती स्वतः अशीच मांजराच्या पावलांनी खुंटी बघून यायची.

कानसेननं गाडी पुन्हा वर चढवली. बराच वेळ खालून बघत राहिला, मग हात पुसत बाहेर आला.

"सील शाबूत आहे. हे फुटून गळत नाहीये ताई, जास्त होऊन गळतंय. पोट भरल्यावर वाढत राहिलं की माणूस ओकतो, तसं. कोण भरतंय?"

"कुणी नाही."

"मग काय आपोआप वाढतंय?" तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "अति तिथं माती. तेल जास्त झालं की आत त्याचा फेस होतो. फेसाला जोर नसतो. सपाटीवर कळत नाही, पण चढावर गाडी एकदम ओढ सोडते. आत्ता जास्तीचं काढून टाकतो. पण जो कोणी भरतोय त्याला आवरा."

जो कोणी. घरी येताना तिनं सगळा हिशेब मांडून बघितला आणि तो एकाच माणसावर येऊन थांबला. किल्ली एकच, ती तिच्या उशाखाली. तेल कुठं ओततात हे तिला माहीत. मग भरणारी तीच. उठून जात असेल, भरत असेल, बसत असेल, पुसत असेल, आणि विसरत असेल. मी कुठं ठेवलं? तूच ठेवलंस. ती आरशासमोर गेली तेव्हा आरशात आई होती.

तरी डबलसिस्टर ती डबलसिस्टर. पुरावा हवा म्हणून तिनं संध्याकाळी बॉनेटच्या फटीवर जखमेची पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनानं बारीक रेघ मारली. सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी. रेघ सरळ. रात्री कुणी आलं नव्हतं, तीसुद्धा नाही. तिला इतका आनंद झाला की ती चक्क गुणगुणली. मग दुपारची कामं उरकून आली, संध्याकाळी नवी चिकटपट्टी लावली, रात्र गेली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा चिकटपट्टी शाबूत, पुठ्ठ्यावर डाग, तेल वर. चिकटपट्टीही मीच काढून, तशीच लावून, रेघ मारून ठेवत असेन, असं तिच्या मनात आलं. एकदा स्वतःवरचा भरवसा उडाला की पुराव्याचा काय उपयोग?

तिनं ठरवलं की आता थांबायचं. जिला आपण काय केलं ते आठवत नाही, तिनं दुसऱ्याच्या दंडात सुई खुपसू नये. मास्तरांच्या सुनेला आजच सांगायचं, दुसरी कुणीतरी बघा. नर्सचं काम सुटलं की तिच्याजवळ काय उरणार होतं? भावाच्या घरातली एक खुर्ची, आणि खुंटी बघायला येणारा भाऊ. हे कळत असूनही तिनं ठरवलं. माझ्या मते तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात धीराचं काम.

दुपारी मास्तरांच्या दाराशी तिनं गाडी लावली आणि वरच्या खोलीत गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मास्तरांची वाचा गेलेली, अंग लुळं; डोळे तेवढे जिवंत. पाठीची जखम धुताना ती आधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. उघड्या माणसाची अब्रू राखायची हा तिचा जुना नेम. अलीकडे पडदा ओढायला गेलं की मास्तर घशातून आवाज काढत आणि खिडकीकडे बघत राहत. "उजेड लागतो ना डोळ्यांना? ओढते हं," म्हणून ती आणखी घट्ट ओढायची.

आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज ती पडदा ओढायला विसरली. खरंखुरं, पहिल्यांदा.

मास्तरांच्या घशातून आवाज आला. तिनं वर बघितलं. त्यांचे डोळे खिडकीत खिळले होते. तिनं त्यांच्या नजरेमागं नजर नेली.

खाली रणरणत्या उन्हात तिच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई टाचा उंचावून आत काहीतरी ओतत होती. घाई नाही, चोरटेपणा नाही. ओठ हलत होते. ओतून झाल्यावर तिनं बॉनेट दोन्ही हातांनी हलकेच मिटलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं तसं. मग दार उघडून गाडीत बसली आणि ओल्या फडक्यानं स्टिअरिंग पुसू लागली.

डबलसिस्टरनं आधी मास्तरांची पट्टी पुरी केली. मग मास्तरांचा लुळा हात क्षणभर आपल्या गालाला लावला आणि खाली उतरली.

"काकू," ती म्हणाली.

बाई दचकली नाही. "आलात? झालंच माझं." मांडीवर गाडीची दुसरी किल्ली होती, आणि लाल तेलाची बाटली, तिच्यावर औषधाचं मापाचं झाकण. "एकच झाकण घालते रोज. ही गाडी तहानलेली आहे, तुम्हाला माहीत नाही. आम्हालाही आधी माहीत नव्हतं. गळायला लागली तेव्हा हे म्हणाले, दुरुस्ती कशाला, तू रोज थोडं घालत जा. गाडी त्यांनी चालवायची, तेल मी घालायचं. मी कधी चुकले नाही."

"मग आता का घालता?"

बाईनं फडकं घडी केलं. "शेवटच्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. काही विशेष नाही, रोजचंच. मी रागारागानं अख्खी बाटली ओतली. म्हटलं, घ्या, आता महिनाभर माझ्या नावानं ओरडू नका. ते निघाले. पलीकडच्या चढावर गाडीनं ओढ सोडली. उतरून ढकलायला गेले, ऊन होतं, आणि तिथंच छाती धरून बसले." तिनं वर बघितलं. "घातलं होतं मी, सिस्टर. पण रागानं घातलं. रागानं घातलेलं लागू पडत नाही, हो ना? म्हणून आता रोज चांगल्या मनानं घालते. या गाडीत बसणारं कुणी चढावर अडू नये."

डबलसिस्टरच्या कानात कानसेनचा आवाज होता. फेसाला जोर नसतो. चढावर गाडी एकदम ओढ सोडते. मी वेडी नाही, मी विसरत नाही, मी आई नाही. हे सगळं एका दमात तिला कळलं होतं, आणि त्या सुखाचा घोट घशाखाली उतरायच्या आत हे दुसरं कळलं. आता ते फक्त तिलाच माहीत होतं.

औषधाच्या मात्रेबद्दल ती जन्मात कुणाशी खोटं बोलली नव्हती.

"रागाचा आणि तेलाचा काही संबंध नाही काकू," ती म्हणाली. "त्यांचं हृदयच दुबळं असणार. त्या दिवशी ते घरी बसले असते तरी तेच झालं असतं."

"नक्की?"

"नक्की." आणि सवयीनं दुसऱ्यांदा, "नक्की. आणि आता औषधाचा कोर्स पूर्ण झाला. गाडी बरी आहे. बरं झाल्यावर कुणी औषध चालू ठेवतं का? ती बाटली द्या माझ्याकडे."

बाईनं बाटली दिली. किल्ली मात्र मुठीत धरून ठेवली, आणि डबलसिस्टरनं ती मागितली नाही. त्याऐवजी तिनं इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं, पट्टी पुसून बुडवली आणि काकूंच्या डोळ्यांसमोर धरली. "ही वरची खूण. याच्या वर जाता कामा नये. उद्यापासून रोज तुम्हीच बघायचं. फक्त बघायचं."

तेव्हापासून रोज दुपारी दोघी बॉनेटवर वाकून बघतात. वरच्या खिडकीचा पडदा उघडा असतो. मास्तरांची जखम धुवायच्या वेळी आता सून आडवी चादर धरते.

आठवड्यानं पुठ्ठा कोरडा निघाला. भावानं तो उलटसुलट करून बघितला.

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. कोण भरत होतं शेवटी, कळलं का?"

तिनं गाडीचं दार लावलं आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं.

"कळलं होतं," ती म्हणाली. "विसरले."