करंजाच्या पानांची पोती

"बांधापलीकडच्या मातीचं सॅम्पल परत घ्या. लॅबनं काहीतरी घोळ केलाय," साहेब फोनवर म्हणाले. मी परत घेतलं. रिपोर्ट तसाच आला.

अक्कलकोटजवळ महादेवीमावशींच्या शेताचे दोन तुकडे आहेत. एक त्यांनी भंगारवाल्याला भाड्यानं दिला होता. तो जुन्या विजेच्या मोटरी फोडून आतली चुंबकं दळायचा. अशा चुंबकांत निओडिमियमसारखे 'रेअर अर्थ' धातू असतात. भुकटी मातीत मुरली आणि भंगारवाला निघून गेला. बांधापलीकडचा तुकडा स्वच्छ होता. घरची ज्वारी त्यातच पिकायची.

खराब तुकड्यात आम्ही, म्हणजे माती साफ करणाऱ्या आमच्या कंपनीनं, करंज लावले. मुळं पाण्याबरोबर थोडा धातू ओढतात, तो पानांत साठतो. पानं गोळा करून बाहेर न्यायची, म्हणजे माती हळूहळू सुधारते. वैरागच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. असं काम मिळालं याचं मला फार अप्रूप होतं.

पानांत धातू येऊ लागला. पण भरलेली पोती न्यायला कोणी तयार होईना. घातक कचरा उचलणारे म्हणाले, पालापाचोळा आमच्यात बसत नाही. साहेब म्हणाले, "परवानगी येईपर्यंत तिथंच ठेवा. जनावरांना चारू नका म्हणावं." मला कानडीत 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणाऱ्या मावशींना मी तसं बजावलं.

आणि आता तोच धातू ज्वारीच्या तुकड्यात सापडला होता.

"मावशी, पोती कमी दिसतात."

"चारली न्हाईत हं, तम्मा. करंज कुठलं जनावर खातंय? म्हशीखाली अंथरली. गोठा लई चिकचिक होतो की."

"मग?"

"मग काय, शेणासंगं उकिरड्यात. करंजाचं खत लई चांगलं. समदं ज्वारीत घातलं."

पानांतला धातू खतातून ज्वारीच्या मातीत गेला, हे मी समजावून सांगितलं.

"हितली ज्वारी पोरं खात्यात की रं."

"आता नको, मावशी. तपासणी होईपर्यंत तरी नको."

त्यांनी उरलेल्या पोत्यांची तोंडं आवळली. "व्हय. तुमची झाडं गुणाची निघाली म्हणायची."

साहेबांना कळवलं. "प्रमाण किरकोळ आहे," ते म्हणाले.

"मग ती ज्वारी आपल्या कँटीनला घेऊ या, साहेब?"

फोन कट झाला.

आज दोन्ही तुकड्यांत करंज उभे आहेत. मावशी ज्वारी विकत आणतात. झाड धातू संपवत नाही, फक्त मातीतून वर काढून आपल्या हातात देतं. त्यामुळे नव्या साइटवर मी आधी पोती कुठं जाणार ते विचारतो, रोपांचे खड्डे नंतर.