गाळलेलं नाव

तालुक्याच्या मालकीच्या इनॅमल कारखान्यात फान गुईलानचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. रोज दुपारी खांबांवरच्या कर्ण्यांतून ती बोलायची: कोणत्या पाळीने जास्त घमेली काढली, कुणाला मुलगी झाली, खानावळीत आज मुळ्याचं सूप आहे की नुसतंच गरम पाणी.

ही जागा तिला मिळवून दिली पेई वस्तादांनी. भट्टीवर तीन वर्षं ती त्यांच्या हाताखाली काम शिकली. एक दिवस तेच ऑफिसात जाऊन भांडले, "हा आवाज काय धुरात मारायचाय? माईकपुढे बसवा पोरीला!" तेव्हापासून ती त्यांना बापाच्या जागी मानायची. मानायची म्हणे!

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात, सरकारी कारखाने खासगी हातांत द्यायच्या सुधारणांचं वारं आमच्यापर्यंत पोचलं. तालुक्याला कारखाना डोईजड झाला आणि तो मॅनेजरच्याच हवाली करायचं ठरलं. या गृहस्थाने पहिलं काम काय केलं, तर निम्मी माणसं घरी बसवायची यादी काढली. एकशे शहाऐंशी नावं. कर्ण्यावर वाचणार कोण? गुईलान.

"एक नाव इकडचं तिकडे झालं, तर एकशे सत्त्याऐंशीवं तुझं," मॅनेजर हसत हसत म्हणाला.

एक्केचाळिसावं नाव पेई वस्तादांचं होतं. चाळीस वाचून झाली आणि तिची जीभच उचलेना. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिने बेचाळिसावं वाचलं. संध्याकाळी घरी जाऊन आपणच नीट सांगू, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी गेली, तर घरात सणच चाललेला. वस्तादांच्या बायकोने, काकूंनी, मिरच्या घालून डुकराचं मांस परतलं होतं. वस्ताद दोन पेले रिचवून खुशीत होते.

"ये गं पोरी! एकेका नावाला छातीत धस्स होत होतं बघ. पण माझं नाही आलं! येईल कसं? भट्टी काय मॅनेजरची बायको पेटवणार?"

काकू डोळे पुसत तिच्या वाडग्यात मांसाचे तुकडे वाढत राहिल्या. हा घास गिळते आणि सांगते, असं करता करता वाडगा रिकामा झाला, आणि बाई तोंड पुसून घरी आली. शाबास!

सकाळी वस्ताद धुतलेला गणवेश चढवून फाटकावर हजर. पहारेकऱ्याने यादी पुढे धरली. "घरी जा, वस्ताद. नाव आहे तुमचं."

"शक्यच नाही! एकूण एक नाव ऐकलंय मी. बोलवा गुईलानला!"

गुईलान आली. मागोमाग मॅनेजरही आला. कामाला निघालेली माणसं जागच्या जागी थांबली.

"काय गं, वाचलं नव्हतंस?" मॅनेजरने विचारलं.

नाही वाचलं, माझी चूक. एवढंच तर म्हणायचं होतं.

"वाचलं होतं," गुईलान म्हणाली. "त्यांना... हल्ली ऐकू कमी येतं. भट्टीच्या घरघरीने कान गेलेत."

वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. एरवी रागावले की अंगावर धावून येणारा माणूस. मग पहारेकऱ्याला म्हणाले, "असेल बाबा. गेले असतील कान." आणि मान खाली घालून घराकडे वळले.

तेव्हापासून गल्लीतली माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली. त्यांनीही कुणाला कधी अडवलं नाही.

कारखाना तरी कुठे टिकला? वर्ष सरायच्या आत मॅनेजरने भट्ट्या भंगारात विकल्या आणि गुईलानही घरी बसली. ज्या नोकरीसाठी जीभ विटाळली, ती गेलीच.

नववर्षाच्या सकाळी ती टोपलीभर अंडी घेऊन वस्तादांच्या दारात गेली. उंबऱ्याशी उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "वस्ताद, तुमचं नाव मी वाचलंच नव्हतं. चुकले मी."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतेस? मोठ्याने बोल, पोरी. ऐकू येत नाही मला."

शेजारची दारं सताड उघडी होती, माणसं ऊन खात बसली होती. गुईलानने आजूबाजूला पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"नवीन वर्ष सुखाचं जावो, वस्ताद!" ती ओरडून म्हणाली.